बाबांचं घर, तीन वाटे, तीन हिशेब

डोंबिवली पूर्वेचं आमचं घर बाबांनी १९८९ साली १ लाख ८५ हजारांना घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्टअप ६०० चौरस फूट. बाबा रेल्वेत कारकून होते. त्या वेळी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत मी नववीत गेले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये बाबा गेले. त्यानंतर आई सात वर्षं तिथे एकटी राहिली. मग तिच्या गुडघ्यांना तीन मजले झेपेनात आणि २०२३ च्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे पुण्याला आली, ती कायमचीच. मी स्वतः भाड्याच्या घरात राहत होते. दादा गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत. डोंबिवलीचं घर कुलपात होतं आणि पावसाळ्यात बेडरूमची भिंत ओली व्हायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी फोनवर बोलून घर विकायचं ठरवलं.

कराचा विचार तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हता. आईचं म्हणणं एवढंच, की नीट माणसांना द्या, उगाच दलालाच्या नादी लागून अर्ध्या किमतीत देऊ नका.

पहिला धक्का वकिलांनी दिला. बाबांनी सोसायटीत आईचं नाव नॉमिनी म्हणून दिलं होतं, त्यामुळे ते गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढलं होतं. घर आईचं झालं, असंच आम्ही आठ वर्षं धरून चाललो होतो. वकील म्हणाले, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. तुमच्या वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही. त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. विकणारे तिघे, सह्या तिघांच्या."

मी म्हटलं, मग मी आणि दादा हक्कसोडपत्र करून देतो, सगळं आईच्या नावावर होऊ दे, तेवढीच कटकट कमी. आमच्या सीए मॅडमनी थांबवलं. त्यांनी विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेले नाही: "पैसे आल्यावर तिघं काय करणार आहात?" मला पुण्यात घर घ्यायचं होतं. आईला हाताशी पैसे हवे होते. दादाला कशाचीच घाई नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हक्कसोडपत्र केलंत तर सगळा नफा आईंचा होईल आणि तो नव्या घरात घालून कर वाचवायचा तर आईंनाच घर घ्यावं लागेल. त्यांनी तुम्हाला पैसे भेट दिले तर त्यावर कर नाही, पण त्या पैशांनी तुम्ही घर घेतलंत म्हणून आईंचा कर वाचणार नाही. ज्याचा नफा, त्याचीच सवलत." हे ऐकलं नसतं, तर आम्ही सोपं म्हणून केलेली गोष्ट लाखभराहून जास्त महागात पडली असती. हक्कसोडपत्राचा विषय तिथेच संपला.

जूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक आलं. माणूस गोड बोलणारा. भाव आमच्या मनासारखा, पण त्यातले १२ लाख रोख आणि बाकीचे करारात. "तुमचाही टॅक्स वाचेल ताई," असं तो तीनदा म्हणाला. मी त्याला नाही म्हटलं. तत्त्व तर होतंच, पण कायदाही नीट समजून घेतला होता. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. शिवाय करारातली किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमतीच्या, खाली गेली, तर आयकर खातं विकणाऱ्याची किंमत रेडी रेकनरचीच धरतं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तरच सूट मिळते. म्हणजे हातात न दिसणाऱ्या पैशांवर कर भरायचा आणि हातात दिसणाऱ्यांची भीती बाळगायची. बाबांनी आयुष्यभर पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या. त्यांच्या घराच्या पैशांत आम्ही असं काही करणार नव्हतो.

जुलैत दुसऱ्या एका कुटुंबाशी बोलणी सुरू झाली आणि नेमका २३ जुलैचा अर्थसंकल्प आला. त्या संध्याकाळी बातम्या पाहताना मला घाम फुटला होता. तोवर नियम असा होता, की घर दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असेल तर नफा दीर्घकालीन, त्यावर २० टक्के कर. पण मूळ किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून मग नफा काढायचा. निर्मला सीतारामन यांनी दर १२.५ टक्क्यांवर आणला आणि निर्देशांकाचा फायदा काढून टाकला, तोही त्याच दिवसापासून. जुन्या घरवाल्यांचं कंबरडं मोडलं, असं सगळीकडे चाललं होतं. आमचं घर तर ३५ वर्षांचं. दादा रात्री फोनवर म्हणाला, "आता विकायलाच नको." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने दुरुस्ती आणली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली घरं किंवा जमिनी असतील, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तींनी आणि हिंदू अविभक्त कुटुंबांनी दोन्ही रीतींनी कर काढायचा आणि जो कमी येईल तो भरायचा. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. आधी आकडे मांडू."

आकडे मांडायचे तर कागद हवेत. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

१ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेला कायदा एक सोय देतो. प्रत्यक्ष दिलेली किंमत किंवा १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत, यांतली आपल्याला सोयीची मूळ किंमत म्हणून धरता येते. मात्र ही बाजारकिंमत त्या वेळच्या रेडी रेकनरच्या वर जाता कामा नये. १ लाख ८५ हजारांपेक्षा २००१ ची किंमत जास्त असणार, हे उघडच होतं. त्यासाठी कल्याणचे एक नोंदणीकृत मूल्यांकनकार गाठले. सत्तरीचे गृहस्थ, हातात टेप. त्यांनी रिकाम्या घराची मापं घेतली, मूळ करारातला नकाशा पाहिला, २००१ चा दर काढला, इमारतीच्या तेव्हाच्या वयाची घट वजा केली आणि ६ लाख २० हजारांचा अहवाल दिला. जाताना ओल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "बांधकाम चांगलं आहे हो. पाणी वरच्या गच्चीतून येतंय." आईला हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

मग सुधारणांचा खर्च. २०१२ साली बाबांनी स्वयंपाकघर पूर्ण फोडून नवं केलं होतं, बाथरूमचं प्लंबिंग बदललं होतं, सगळ्या घराची फरशी नवी घातली होती. खर्च २ लाख. आईच्या ट्रंकेत कंत्राटदाराचं बिल मिळालं, त्याच्यासोबत टाचणी लावून ठेवलेला चेकबुकचा अर्धा तुकडा. टाचणी गंजून कागदात रुतली होती. २००५ मध्ये ग्रिल आणि बाल्कनीचं काम झालं होतं, तेही पन्नास-साठ हजारांचं. पण त्याची नोंद फक्त आईच्या हिशेबाच्या वहीत: "लोहार ५०००, सिमेंट, मजुरी." मॅडमनी वही प्रेमाने चाळली आणि परत दिली. बिल नाही, बँकेतून गेलेले पैसे नाहीत, तर तो खर्च धरायचा नाही. आईला ते पटलं नाही. तिची वही कधीच चुकलेली नव्हती. मलाही वाईट वाटलं, पण नोटीस आली तर अधिकाऱ्यासमोर वही ठेवून काय सांगणार? रंगरंगोटी, नळ दुरुस्ती असले खर्च तर बिल असूनही चालत नाहीत, कारण ती देखभाल झाली, सुधारणा नव्हे.

सप्टेंबरमध्ये सौदा ठरला. मूल नुकतंच शाळेत जाऊ लागलेलं एक तरुण जोडपं, दोघंही मुंबईला लोकलने नोकरीला जाणारं. ७२ लाख, सगळे चेकने आणि बँकेच्या कर्जातून. रेडी रेकनरची किंमत ५८ लाखांच्या आसपास होती, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. दलालाला एक टक्का म्हणजे ७२ हजार आणि वकिलांना १५ हजार, दोन्हींच्या पावत्या घेतल्या. विक्रीसाठीच झालेला हा ८७ हजारांचा खर्च किमतीतून वजा होतो. राहिले ७१ लाख १३ हजार.

आता दोन रीती. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२४-२५ चा ३६३. जुन्या रीतीने ६ लाख २० हजारांचे झाले २२ लाख ५० हजार ६००. २०१२-१३ चा निर्देशांक २००, म्हणून फरशी-स्वयंपाकघराच्या २ लाखांचे झाले ३ लाख ६३ हजार. दोन्ही वजा जाऊन नफा ४४ लाख ९९ हजार ४००, त्यावर २० टक्के म्हणजे ८ लाख ९९ हजार ८८०. नव्या रीतीने काहीच फुगवायचं नाही. ७१ लाख १३ हजारांतून सरळ ८ लाख २० हजार वजा, नफा ६२ लाख ९३ हजार, १२.५ टक्क्यांनी ७ लाख ८६ हजार ६२५. म्हणजे ज्या नव्या नियमाने रात्रीची झोप उडवली होती, त्यानेच आमचा कर १ लाख १३ हजारांनी कमी केला. मी तीनदा गुणाकार करून पाहिला. कारण साधं आहे. २००१ पासून महागाईचा निर्देशांक साडेतीन पटींनी वाढला, पण आमच्या घराची किंमत साडेअकरा पटींहून जास्त वाढली. ज्याचं घर महागाईच्या थोडंसंच पुढे गेलं असेल, त्याला जुनी रीत बरी. जे खूप पुढे गेलं, त्याला नवी. ऐकीव गोष्टींवर ठरवू नका, स्वतःचे आकडे घालून पाहा.

वारशाच्या घराबाबत एक गोष्ट इथेच सांगते, कारण शेजारच्या काकांना कोणीतरी चुकीची सांगितली होती. वारसाने घर किती वर्षं ठेवलं, हे मोजताना आधीच्या मालकाचा काळही धरतात आणि किंमतही त्याचीच धरतात. पण निर्देशांक कोणत्या वर्षापासून लावायचा, वडिलांच्या की वारस झालो त्या वर्षापासून, यावर वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो करदात्याच्या बाजूने सोडवला: आधीच्या मालकाच्या काळापासून. आमच्या बाबतीत २०१६-१७ पासून निर्देशांक लावला असता, तर २२ लाख ५० हजारांऐवजी जेमतेम साडेआठ लाख धरले गेले असते. जुनी रीत ज्यांना फायद्याची ठरते, त्यांच्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

इथपर्यंत घर एक होतं. इथून पुढे माणसं तीन. नफ्याचे तीन सारखे भाग केले की प्रत्येकी २० लाख ९७ हजार ६६७. कर घरावर बसत नाही, माणसावर बसतो, हे मला खऱ्या अर्थाने तेव्हा समजलं.

आधी दादाचं सांगते, कारण त्याच्या हिश्शाने सगळ्यांना धावायला लावलं. घेणाऱ्याने विकणाऱ्याचा कर कापून भरायचा असतो. आम्ही भारतात राहणारे, म्हणून आमच्या हिश्शांवर १ टक्का. हा नियम ५० लाखांपासून लागू होतो. कोणीतरी त्या जोडप्याला सांगितलं, की प्रत्येकाचा हिस्सा २४ लाखांचा, मग कापायचंच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र सगळ्या विकणाऱ्यांची मिळून किंमत पाहतात. आमची ७२ लाख, म्हणून कापणं भाग होतं. घेणारे दोघं, भारतातले विकणारे दोघं, म्हणून कापलेला कर भरायचे चार वेगवेगळे २६क्यूबी फॉर्म. हे तरी ऑनलाइन, फक्त पॅन नंबरवर होतं.

दादा मात्र अनिवासी. त्याच्यासाठी १ टक्का नाही, तर पूर्ण दर: १२.५ टक्के आणि त्यावर उपकर धरून १३ टक्के. तोही नफ्यावर नव्हे, तर त्याच्या वाट्याच्या सगळ्या २४ लाखांवर. म्हणजे ३ लाख १२ हजार. त्यासाठी घेणाऱ्याला तेव्हा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, काढावा लागायचा आणि तिमाही विवरण भरावं लागायचं. ते बिचारं जोडपं आधी तिघांचाही एकच टक्का कापणार होतं. वकिलांच्या लक्षात आलं म्हणून वाचले. नाहीतर न कापलेला कर व्याजासकट त्यांच्याच गळ्यात आला असता. घेणाऱ्यांनी हे नक्की विचारावं: विकणाऱ्यांमध्ये कोणी परदेशात राहणारं आहे का?

दादाला कमी कपातीचं प्रमाणपत्र मागता आलं असतं. तो अर्ज आयकर खात्याकडे करायचा, गणित दाखवायचं आणि मग फक्त नफ्याच्या हिशेबाने कापण्याची परवानगी मिळते. पण त्याला काही आठवडे लागणार होते आणि जोडप्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती. दादाचा खरा कर येत होता साधारण २ लाख ७३ हजार. फरक ३९ हजारांचा. तो म्हणाला, "कापू दे. त्या दोघांना ताटकळत ठेवायला नको. मी विवरणपत्र भरून परत मागेन." अनिवासी असल्याने दोन रीतींतली कमी निवडायची मुभा त्याला नव्हती. आमच्या आकड्यांत नवीच रीत स्वस्त होती, म्हणून त्याला फटका बसला नाही. अमेरिकेतही त्याला हा व्यवहार दाखवावा लागला. तिथे वारशाच्या घराची किंमत वारस झाल्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात आणि इथे भरलेल्या कराची वजावट मागता येते. ते त्याच्या तिथल्या सल्लागाराने पाहिलं.

त्याचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे होतं, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं. भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ते मी पहिल्याच आठवड्यात उरकलं.

डिसेंबरमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. आईने बाबांचं घड्याळ घातलं होतं. फोटो, अंगठा, सही, पुन्हा अंगठा. तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. धुणीभांडी करून झिजलेली बोटं. चौथ्यांदा उमटले. तिथला कर्मचारी फार समजूतदार होता. त्याने तिला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. करारात "लिहून देणार" म्हणून तिचं नाव पहिलं होतं. ती म्हणाली, "घर घेताना माझं नाव नव्हतं. देताना पहिलं आलं."

कर्जाचे पैसे आले, तिघांच्या खात्यांत वेगवेगळे जमा झाले, दादाचे त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या भारतातल्या, खात्यात. चावी दिली. बाबांच्या मूळ कराराची एक प्रत, मूल्यांकनाचा अहवाल आणि २०१२ च्या बिलाची झेरॉक्स मी त्या जोडप्याला दिली. त्यातला ओल्या भिंतीबद्दलचा मजकूर त्यांच्या उपयोगाचा होता.

आता आई. तिला पर्याय दोन होते. एक, सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांचे कर वाचवणारे रोखे घ्यायचे. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे असतात, मर्यादा ५० लाख, व्याज तेव्हा ५.२५ टक्के, मुदत पाच वर्षं. दोन, कर भरून मोकळं व्हायचं. तिची बाकी मिळकत म्हणजे बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि थोड्या ठेवींचं व्याज, सगळं मिळून करपात्र २ लाख ६० हजार. तेव्हाच्या ३ लाखांच्या करमुक्त मूळ मर्यादेतले ४० हजार शिल्लक होते, ते भारतात राहणाऱ्याला या नफ्यातून वजा करता येतात. उरलेल्यावर उपकरासह कर आला २ लाख ६७ हजार.

मी कागदावर मांडून दाखवलं. रोखे घेतले, तर पाच वर्षांत साडेपाच लाख व्याज आणि मुद्दल परत. कर भरला, तर उरलेले सव्वाअठरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी. पाच वर्षांनी रोखेच साधारण ६८ हजारांनी पुढे. मुलगी म्हणून मी रोख्यांच्या बाजूची होते. आईने कागद नीट वाचला आणि चष्मा काढला.

"यातले पैसे मधे काढता येतात?"

"नाही. पाच वर्षं नाही."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मी तुझ्याकडे मागायचे का दादाकडे?"

मी गप्प बसले. ६८ हजारांत तिने स्वतःच्या पैशांवरचा हात विकत घेतला आणि मला आजही वाटतं, की तिचाच हिशेब बरोबर होता. ज्येष्ठ नागरिकांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यामुळे कापलेले २४ हजार वजा करून बाकीचा कर तिने विवरणपत्राच्या वेळी भरला. चलन माझ्या मोबाइलवरून भरलं, पण बटण तिने दाबलं.

माझं प्रकरण सगळ्यात लांबलं. राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर माफ, हे कलम ५४. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत खरेदी, किंवा तीन वर्षांच्या आत बांधकाम. घर भारतातच हवं आणि तीन वर्षं विकायचं नाही. खूप जणांना वाटतं की सगळी विक्रीची रक्कम गुंतवावी लागते. घर विकून घर घेताना नफ्यापुरती गुंतवणूक पुरते. सगळी रक्कम लागते ती प्लॉट, दुकान असलं काही विकून घर घेताना.

माझ्या मनासारखं घर काही मिळेना. धायरी, आंबेगाव, वारजे, रविवारमागून रविवार गेले. जून २०२५ उजाडला. मॅडम म्हणाल्या, दोन वर्षं आहेत म्हणून निवांत राहू नका. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जे पैसे घरात गेलेले नसतील, ते भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. बचत खात्यात राहिले तर सवलत गेली. कष्टाने सगळं जुळवून आणलेली माणसं याच ठिकाणी चुकतात.

हे खातं १९८८ च्या योजनेखाली निघतं. मी घराजवळच्या सरकारी बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. तिने मला साधं बचत खातं उघडून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या शाखेत मॅनेजरनी फॉर्म ए काढला, पण संगणकात योजनेचा कोड सापडेना. तिसऱ्या शाखेत, चार खेपांनंतर, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खातं निघालं. "अ" प्रकार बचतीसारखा, "ब" प्रकार मुदत ठेवीसारखा. मी "अ" घेतला आणि २१ लाख भरले. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली होती. पण वाढीव मुदतीच्या भरवशावर मला राहायचं नव्हतं. पासबुकावर योजनेचं नाव छापलेलं आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच उठले.

नोव्हेंबरमध्ये धायरीला घर मिळालं. दुसरा मजला, लिफ्ट, ५८ लाख. या खात्यातून पैसे काढायला चेक चालत नाही. फॉर्म सी भरायचा, कशासाठी काढताय ते लिहायचं, बँक मोठ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट देते आणि काढलेले पैसे साठ दिवसांत त्याच कामी लावायचे. मी एकदाच सगळे काढले, थेट विकणाऱ्याच्या नावे. बाकीचं कर्ज.

सगळं झालं असं वाटत असताना जानेवारीत आईला मोबाइलवर संदेश आला, की तुमच्या विवरणपत्रात आणि आमच्या नोंदीत फरक दिसतो. ती घाबरली. पाहिलं तर वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, तिच्या नावावर पूर्ण ७२ लाखांची विक्री लागली होती. माझ्याही. नोंदणीच्या माहितीत हिस्सा आलाच नव्हता. आम्ही दोघींनी पोर्टलवर "माहिती अंशतः बरोबर" असं कळवून एक तृतीयांश हिस्सा लिहिला आणि सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत जपून ठेवली. पुढे काही आलं नाही. दादाचा परतावा व्याजासह त्याच्या एनआरओ खात्यात जमा झाला.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले. मी वर जुने दिले, कारण आमचा व्यवहार त्या कायद्याखाली झाला.

माझं भांडवली नफा खातं अजून उघडंच आहे. त्यात भरल्या रकमेवरचं थोडं व्याज पडलेलं आहे. ते बंद करायला फॉर्म जी लागतो, त्यावर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि मी अर्ज देऊन सहा आठवडे झाले. दर सोमवारी मी चौकशी करते. आईची खोली पूर्वेकडची आहे. तिने ट्रंक पलंगाखाली ठेवली आहे आणि नव्या घराची सगळी बिलं, अगदी पंख्याचंसुद्धा, ती त्यात टाकते.